शिवनेरीच्या वाटेवर कॅफे टाकताय? आधी मंगळवार बघा



आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. "सर, जुन्नरला शिवनेरीच्या रस्त्याला गाळा मिळतोय. चार लाखांचं कर्ज काढून कॅफे टाकू का?" फोनवर काय सांगणार? शनिवारी मंचरचं दुकान भावावर सोपवलं आणि दोन दिवस जुन्नरला मुक्काम केला.

२०१८ ला शासनाने जुन्नर पर्यटन तालुका जाहीर केला, तेव्हापासून कॅफेची स्वप्नं बरेच जण बघतायत. गर्दी आहेच. गड, लेण्याद्री, ओझर, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. मी तीन कॅफेंत बसलो. तिन्हीकडे फोटोसाठी रंगवलेली भिंत, तीच कोल्ड कॉफी, तोच पिझ्झा. पुण्याचा माणूस ९०-९५ किलोमीटर गाडी हाकून पुण्याचीच कॉफी प्यायला येईल का? एका गल्ल्यावरच्या पोराला विचारलं, "मंगळवारी किती धंदा होतो?" तो नुसता हसला.

आता हिशोब बघा. भाडं, पगार, लाइटबिल, हप्ता मिळून महिन्याला ४० हजार धरा. शनिवार-रविवार येतात साधारण आठ. म्हणजे मालाचे पैसे जाऊन त्या प्रत्येक दिवशी ५ हजार सुटले, तर कुठे खर्च निघतो. तुमचा पगार अजून बाकीच आहे! आणि पावसाने रविवार धुतला तर?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. श्रावणातल्या भीमाशंकरच्या गर्दीवर भाळून मी घोडेगावजवळ स्टॉल टाकला होता. भाद्रपदात गुंडाळला.

याउलट पेठेतली मासवडीची खानावळ. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, तर्रीचा रस्सा, बाजरीची भाकरी. मावशी म्हणाल्या, "आडवारी कचेरीतली माणसं, रविवारी पाहुणे." पाहुणे म्हणजे पर्यटक! बोर्डही धड नाही, पण बसायला जागा नव्हती.

तसा जुन्नरला व्यापार नवा नाही. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून माल यायचा-जायचा. इथल्या लेण्यांच्या शिलालेखांत धान्यवाल्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींची नावं आहेत. धान्याला आणि सुपाला गिऱ्हाईक रोजचंच असणार ना!

ताईंना म्हटलं, अनामत देऊ नका. चार मंगळवार गाळ्यासमोर उभ्या राहून माणसं मोजा. पहिल्या मंगळवारचा मेसेज आलाय: "सर, ११ ते १, माणसं १७. त्यातल्या ६ जणांनी विचारलं, इथे नाश्ता कुठे मिळतो?"