अँटिव्हायरस, आडत आणि मुनीमजी

आपण कॉम्प्युटर ब्रँचला आहोत हे गावाकडे एकदा कळलं, की सुट्टी संपलीच म्हणून समजा! कुणाचा प्रिंटर, कुणाचं वायफाय, कुणाचा मोबाईल. सेकंड इयरच्या दिवाळीत मी लातूरला गेलो, तर काकांनी फराळाच्या आधीच हुकूम सोडला, "चल आडतीवर. कॉम्प्युटर लई हळू चालायलंय."

मार्केट यार्डात सोयाबीनचा हंगाम. बाहेर पोत्यांच्या थप्प्या, आत चार कॉम्प्युटर. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर तेच, जे दुकानादुकानात असतं. डेटा एका मशीनवर, त्याला सगळे 'मेन' म्हणतात. बाकीची तीन मशीनं नेटवर्कवरून तोच फोल्डर उघडतात. मुनीमजींनी एक हिशोबपट्टी सेव्ह केली आणि गोल चक्र फिरत बसलं. मी मोबाईलवर मोजलं, नऊ सेकंद. एका पट्टीला! समोर शेतकरी ताटकळत उभे.

काकांचं निदान तयारच होतं. "मुनीमजींचं वय झालं आता. हात चालत नाही." साठी ओलांडलेला तो माणूस खाली मान घालून ऐकत होता. त्यांच्या जागी एखादा नवा पोरगा ठेवायचं घरात बोलणं चालू होतं, हे मला नंतर कळलं.

मी काय केलं? कुठेतरी वाचलं होतं, अँटिव्हायरसमुळे स्लो होतं. चारही मशीनवरचा बंद करून टाकला. पट्टी एका सेकंदात सेव्ह! काका खूश, मुनीमजी खूश, आणि मी एकदम हिरो. जाताना चिवड्याचा डबा जास्तीचा मिळाला.

या हिरोगिरीबद्दलच आज लिहायचं आहे.

फेब्रुवारीत, तुरीच्या ऐन आवकेत, एका मशीनवर कुणीतरी 'बिल' म्हणून आलेली ईमेलची फाईल उघडली. रॅन्समवेअर होतं. ते चाललं फक्त त्या एका मशीनवर, पण मेनवरचा फोल्डर तिथून लिहिण्यासाठी उघडाच होता. त्यामुळे सगळा डेटा कुलूपबंद! शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. मुनीमजींना सॉफ्टवेअरवर कधीच पुरता विश्वास नव्हता, ते कच्च्या वहीत सगळं लिहून ठेवत. त्या वहीवरून त्यांनी चार रात्री जागून अकरा दिवसांच्या नोंदी पुन्हा भरल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मात्र मी नीट बसून अभ्यास केला. अशा सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा डेटाबेस सर्व्हर नसतो, नुसत्या फाईली असतात. प्रत्येक मशीन त्या नेटवर्कवरून स्वतः उघडतं, लिहितं, बंद करतं. एका पट्टीसाठी अशा कितीतरी फाईलींची उघडझाप होते. अँटिव्हायरसचा रिअल-टाईम स्कॅनर दर वेळी मध्ये उभा राहतो. उघडताना तपासणी, लिहून बंद करताना पुन्हा तपासणी. तीही दोनदा, एकदा पट्टी भरणाऱ्या मशीनवर, एकदा मेनवर. न बदललेली फाईल तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सोडून देतो, पण हिशोबाची फाईल तर दर मिनिटाला बदलते!

त्यात आमची मेनची हार्ड डिस्क जुनी, ७२०० आरपीएमची. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हेड हलण्याचा वेळ धरला तर इकडची तिकडची वाचनं सेकंदाला ८०च्या आसपास होतात, फार नाही. १०० एमबीपीएसच्या स्विचमधून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातात. तपासणीसाठी २०० एमबीची एक फाईल पूर्ण ओढायची म्हटलं, तरी १६ सेकंद गेले. यात मुनीमजींच्या बोटांचा संबंध कुठे आला? हे सगळं रिसोर्स मॉनिटरच्या डिस्कच्या टॅबमध्ये नावानिशी दिसतं. दिवाळीत मी ते उघडलंच नव्हतं. मोजलं ते फक्त घड्याळाने.

माझं मत असं, की 'अँटिव्हायरस बंद करा' सांगणारा आणि 'नवीन मशीन घ्या' सांगणारा, दोघंही सारखेच आळशी. सेटिंगमध्ये एक्सक्लूजनची यादी असते. मेनवर त्यात फक्त डेटाचा फोल्डर टाकायचा. बाकीच्या मशीनवर नेटवर्क ड्राईव्हचं स्कॅनिंग तेवढं थांबवायचं, बाकी सगळं चालू. पूर्ण स्कॅन रात्री, आडत बंद झाल्यावर. हे सुरक्षित का? तर डेटाच्या फाईली आपणहून चालत नाहीत. व्हायरसला कुठल्यातरी मशीनवर प्रोग्रॅम म्हणून चालावं लागतं, आणि तिथे पहारा कायम असतो.

आता इथे माझं आणि सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांचं भांडण आहे. ते सांगतात, डेटासोबत प्रोग्रॅमचा फोल्डरही वगळा, कटकट मिटेल. मी म्हणतो, नको. जून २०१७ मधलं नॉटपेट्या आठवा. ते पसरलं युक्रेनमधल्या एमईडॉक या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! मर्स्क या जहाज कंपनीचं काम जगभर अडलं, आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीतलं त्याच समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. त्या दिवशी अँटिव्हायरसने ते अडवलंच असतं असा माझा दावा नाही. पण हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विश्वास टाकायचा नाही, एवढं तरी यातून घ्यावं. प्रोग्रॅमचा फोल्डर क्वचितच बदलतो, त्याच्या तपासणीने फारसा वेळ जातही नाही.

आणि बॅकअपची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली तर तीही कुलूपबंद होते.

आपल्याकडे व्हायव्हाला 'व्हायरस आणि वर्ममधला फरक सांगा' हा प्रश्न हमखास येतो. फरक मला तेव्हाही पाठ होता. चार मशीनांच्या आडतीत काय वगळायचं आणि काय नाही, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

असो. सध्या आमच्याकडे पट्टीला दोन सेकंदांच्या आत वेळ लागतो, अँटिव्हायरस चालू ठेवून. नवा पोरगा आला, पण मुनीमजींच्या हाताखाली शिकायला.

परवा मुनीमजींचा फोन आला होता. "इंजिनियर साहेब, अँटिव्हायरस रिन्यू करायला माणूस आलाय. सगळं काढून परत टाकतो म्हणतोय. आपल्या फोल्डरचं काय सांगू त्याला?" मी म्हटलं, आधी डिस्क कपाटात आहे का बघा, आणि मग त्यालाच द्या फोन.