चवदार तळ्याचा खटला अजून संपलेला नाही

दर २० मार्चला आपण चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अभिवादन करतो. पण त्यानंतर जवळपास दहा वर्षे चाललेला खटला विसरतो. तळे आमच्या खासगी मालकीचे आहे, असा दावा महाडच्या सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दाखल केला. बाबासाहेब तो लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. प्रश्न एकच होता : पाणी कोणाचे?

आज जगभर हवामान बदलाचे जे खटले चालू आहेत, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तिथल्या सरकारला कार्बन उत्सर्जन घटवायला भाग पाडले. आपल्याकडे कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नदी, जंगल, हवा यांचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. २०२४ च्या रणजितसिंह निकालाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क कलम १४ आणि २१ मधून मान्य केला.

विश्वस्त म्हटला की हिशोब आला. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने तो मागितला, तेव्हा इथल्या मद्य कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापले गेले. जायकवाडी उशाशी असूनही हंडे घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या या शहराला त्या आदेशाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण आम्हाला एक धोकाही दिसतो. हाच सार्वजनिक मालकीचा न्याय गायरानांना लावला गेला, तेव्हा २०२२ मध्ये राज्यभर अतिक्रमणाच्या नोटिसा निघाल्या. मराठवाड्यात गायरान कसणारे कोण? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा चालवणारे आपलेच लोक! गावची सामाईक जमीन वाचवा असे सांगणाऱ्या २०११ च्या जगपाल सिंग निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. पण तो न्यायालयापुढे ठासून मांडणार कोण?

म्हणूनच पर्यावरण हा पोटभरल्या लोकांचा विषय आहे, असे म्हणून चालणार नाही. उन्हाच्या झळा आधी शेतमजुराला, ऊसतोड कामगाराला लागतात. तळी-विहिरी सर्वांना खुल्या करणारे कलम १५ आणि भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे असे सांगणारे कलम ३९ संविधानात आहे. या दोन कलमांशिवाय पर्यावरणाचा खटला चालला, तर झाडे वाचतील आणि माणसे उठवली जातील.

नामांतराच्या लढ्याने घडलेल्या आमच्या पिढीचे विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे : आपल्या वस्तीतल्या टँकरच्या नोंदी माहिती अधिकारात मागा. गायरान कसणाऱ्यांचे जुने पुरावे गोळा करा. अशा प्रत्येक याचिकेत हस्तक्षेप अर्ज घेऊन उभे राहा. महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि कोर्टात त्याचा हक्कही सिद्ध केला. आपण अर्धेच काम करून थांबायचे का?

जय भीम!