कीर्तन थांबले नाही!

गेल्या श्रावणात आमच्या घरी एका खिडकीपायी रडारड झाली. खिडकी भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची!

त्याचे असे झाले. आमची सौ. न्हाणीघरात घसरली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. कन्या पुण्यास संशोधन करते. ती तडक हिंगोलीस आली. तिचे गणित पुण्याच्या मोठ्या संगणकावर चाले आणि त्याच्या आलेखांची खिडकी येथे तिच्या लॅपटॉपवर उमटे. दिवसा आईची शुश्रूषा, रात्री काम, असा बेत होता. तिसऱ्या रात्री वीज गेली, घरातला राऊटर विझला आणि दोन दिवस चाललेले गणित खिडकीसकट नाहीसे झाले.

"बाबा, आता मला पुण्याला परत जावं लागणार," ती म्हणाली.

"जा गं. माझं काय!" सौ. पलंगावरून म्हणाली. ते 'माझं काय' ऐकून मला घास गिळेना.

मी जुना शाळामास्तर. विचारल्यावाचून राहवले नाही. "दिवा इथला गेला. मग काम तिकडे पुण्यात का मेलं?"

तिने समजावले ते असे : १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'एक्स विंडो' ही पद्धत निघाली. प्रोग्राम एका यंत्रावर चालवावा, त्याचे चित्र दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर काढावे, ही तिची खुबी. पण सुरू होताना ज्या पडद्याशी गाठ पडली, ती सहसा जन्माची! पडद्याशी संबंध तुटला की प्रोग्रामनेही मान टाकलीच. पुढे १९९०नंतरच्या दशकात 'एक्समूव्ह' आले आणि त्यानंतर 'एक्सप्रा'. यात प्रोग्राम आपले चित्र पुण्याच्याच यंत्रातल्या एका अदृश्य पडद्यावर काढतो. एक्सप्रा ते चित्र, आपण बसू त्या पडद्यावर आणून देतो. आपण उठलो तरी प्रोग्रामला पत्ता नसतो.

"म्हणजे मोंढ्यातला अडत्या!" मी म्हणालो. "हळद विकणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड पाहावं लागत नाही. गिऱ्हाईक बदललं तरी माल जागचा हलत नाही."

"अगदी तसंच, बाबा. मात्र प्रोग्राम पहिल्यापासून अडत्यामार्फतच सुरू करावा लागतो. मागाहून त्याला आत घेता येत नाही. आणि पुण्याचं यंत्रच बंद पडलं, तर अडत्याही काही करू शकत नाही."

गुरुजींची परवानगी घेऊन तिने तशी व्यवस्था केली. आठवड्याभरात वीज पुन्हा गेलीच! आम्ही दोघे श्वास रोखून बसलो. पहाटे दिवे आले. या खेपेस तिने मुद्दाम बैठकीतला माझा जुना संगणक लावला. तीच खिडकी, तोच आलेख; रेघ मात्र रात्रभरात चांगली पुढे सरकलेली! पोरगी तशीच उठून आईचा चहा टाकायला गेली.

आता सौ. काठी टेकत चालते. दिवाळीत तिघेही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनास गेलो. तिथली आख्यायिका आपणांस ठाऊक असेलच. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी तेवढा मागे राहिला, म्हणतात.

पायरीवर बसून सौ.ला मी म्हटले, "तुझ्या लेकीचं कीर्तन पुण्यात चालूच राहिलं. देऊळ मात्र तुझ्या पलंगाकडे फिरलं."

ती काही बोलली नाही. मुलीचा हात तिने तेवढा घट्ट धरला.