खोलिए, साब!

जयपूरच्या पोस्टिंगमध्ये मी चामड्याचा वेणीदार चाबूक वळायला शिकलो. नीट शिकलो असं म्हणणार नाही. एकूण चार केले, त्यातला चौथा कामाचा आहे. या ब्लॉगवर मी बहुतेक वेळा जागांबद्दल लिहितो, आज एक मत मांडतो. माझ्या वयाच्या काही अधिकाऱ्यांना ते आवडणार नाही. चाळिशीनंतर आपण कुणाकडून काही शिकण्याच्या लायकीचे उरत नाही, आणि त्यात दोष वयाचा कमी, आपल्या खुर्चीचा जास्त आहे.

मी पायदळातला. घोड्याशी संबंध खडकवासल्याला आला, तोही बसण्यापेक्षा पडण्याचाच जास्त. पण जयपूर हे घोड्यांचं शहर. १९५३ मध्ये संस्थानांची घोडदळं एकत्र करून उभी राहिलेली ६१ कॅव्हलरी तिथेच आहे, आणि आपल्या लोकांसाठी सांगतो, त्यात ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे लान्सर्सही होते. रविवारी सकाळी मी पुन्हा रपेटीला जाऊ लागलो. एके दिवशी घोड्याला दोरीवर गोल फिरवायचा लांब चाबूक माझ्याच हातात उसवला. हा चाबूक मारायला नसतो. घोड्याच्या मागे हवेत तो हलला की घोडा चाल बदलतो. दुरुस्तीसाठी मला एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवलं. फौजेत सॅडलर होता, दफेदार म्हणून निवृत्त झालेला. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक पाट, रापी, आरी आणि भिंतीला लटकलेले तंग आणि लगाम.

त्याने वीस मिनिटांत वेणी जोडली. मी म्हटलं, मला शिकवाल का? तो हसला. "साब, बना के भिजवा दूँगा." पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, पुन्हा हसला. तिसऱ्या वेळी हसला नाही. त्याने विचारलं, "आपके घर में ऐतराज़ तो नहीं होगा?" मी म्हटलं, नाही. ते खोटं होतं, पण ते मला नंतर कळलं.

पहिले तीन आठवडे चामड्याला हात लावू दिला नाही. बाजारातून नायलॉनच्या चार रंगांच्या दोऱ्या आणायला लावल्या. चार पदरांची गोल वेणी ऐकायला सोपी आहे. एका बाजूचा सगळ्यात वरचा पदर मागून फिरवायचा, पलीकडच्या दोन पदरांच्या मधून पुढे आणायचा आणि आपल्याच बाजूला परत न्यायचा. मग दुसऱ्या बाजूचा. उजवा, डावा, उजवा, डावा. रंग वेगळे असल्यामुळे चूक लगेच दिसते. ज्याला हे शिकायचं असेल त्याने इथूनच सुरुवात करावी, चामडं वाया जात नाही.

मग बकऱ्याचं चामडं. पट्ट्या सरळ कापत नाहीत. गोल तुकडा घेऊन कडेने आत आत कापत जायचं, म्हणजे लांब अखंड वादी मिळते. पोटाकडचं आणि मानेकडचं चामडं ताणतं, पाठीचं टिकतं. वादी कापल्यावर ती ओढून तिचा ताण काढायचा. ओढल्यावर ती कुठे अरुंद होते, कुठे नाही, म्हणून पुन्हा कापून सारखी करायची. मग कडा तासायच्या, नाहीतर वेणीत फटी राहतात. चरबी आणि साबणाचा लेप लावायचा. आत निमुळता गाभा घालायचा आणि त्यावर वेणी घालत जायचं, मुठीकडे जाड, टोकाकडे बारीक. शेवटी दोन फळ्यांमध्ये घालून लाटायचं. टोकाला सुताचा झुपका.

हा निमुळतेपणा म्हणजेच सगळा चाबूक. मुठीला दिलेली लाट पुढे पुढे कमी वजनात जाते, म्हणून तिचा वेग वाढत जातो. जो कडाड आवाज येतो तो कशावर आपटून येत नाही. चाबकाचा वेग आवाजाच्या वेगापुढे गेल्याचा तो आवाज असतो. सेकंदाला साधारण ३४० मीटर. मध्ये कुठे एक पदर ढिला राहिला, तर लाट तिथेच मरते. बाहेरून चाबूक सुंदर दिसतो, पण वाजत नाही.

माझा पहिला चाबूक असाच होता. मी तो ऑफिसात नेला. कॅप्टनपासून सुभेदार साहेबांपर्यंत सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. "बहुत बढ़िया सर." एकालाही त्यात खोट दिसली नाही. रविवारी दफेदाराने तो बोटांतून एकदा सरकवला आणि म्हणाला, "खोलिए, साब." पाच आठवड्यांचं काम मी तिथे बसून उलगडलं. दुसऱ्या चाबकाच्या वेळी हे शब्द अकरा वेळा ऐकले. मी मोजत होतो.

त्या दिवशी परत येताना आठवून पाहिलं: याआधी मला तोंडावर "चुकलं, परत कर" कोण म्हणालं होतं? बायको सोडून. अकादमीत उस्ताद म्हणायचे, दिवसातून दहा वेळा. आपण त्यांना उस्ताद म्हणायचो आणि ते शब्दाला जागायचे. मग खांद्यावर तारे आले, आणि ज्यांच्याकडून शिकायचं तेच लोक आपल्याला सॅल्यूट करू लागले. तेव्हापासून आपल्या वेणीतला ढिला पदर कुणी दाखवत नाही. तो नाही असं नव्हे.

कुणी म्हणेल, अधिकाऱ्याचं काम हुकूम देणं आहे, चाबूक वळणं नव्हे. मान्य. पण मी स्वतः इन्स्पेक्शनच्या आधी सुताराला, रंगाऱ्याला दोन रात्रींत काम उरकायला सांगितलं आहे, आणि त्यांनी उरकलं आहे. आता मला कळतं त्यांनी ते कसं उरकलं असेल. ढिला पदर आत, चकाकी वर. दोष त्यांचा नव्हता. काम किती वेळ मागतं हे हाताला माहीत नसलेल्या माणसाने तारीख दिली की असंच होतं.

आता ऐतराजाचं. फोनवर सहज सांगितलं तर काका म्हणाले, "चामड्याचं काम? तू? आणि कुणाला सांगू नकोस." आमच्या घरी बैल होते, आसूड होता. तो वळणाऱ्या माणसाचं घर मला ठाऊक होतं, पण बाहेरून. नाव ठाऊक नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पुस्तकाला 'शेतकऱ्याचा असूड' नाव दिलं. आपण अजून अन्यायावर आसूड ओढतो, लेखांत, भाषणांत. तो वळला कुणी, हे विचारत नाही. युनिटमध्ये जात नाही असं आपण अभिमानाने सांगतो, आणि लंगरमध्ये, सीमेवर ते खरंही आहे. पण निवृत्त दफेदाराला एका कर्नलला शिकवण्याआधी त्याच्या घरच्यांच्या हरकतीबद्दल विचारावंसं वाटलं. त्याचा प्रश्न बरोबर निघाला.

आणखी एक. हा माणूस निवृत्तीनंतर आधी एटीएमच्या दारात बसत होता. त्याने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. पण माजी सैनिक वाचकांना मी विचारतो: तुमच्यातले किती सुतार, वेल्डर, नालबंद आज कुठल्यातरी दारात बसले आहेत? हातातली कला आधी आपणच मोजायला हवी, आपण अधिकाऱ्यांनी. तिच्याखाली एकदा बसल्याशिवाय ती मोजता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक पोस्टिंगमध्ये काही महिने एका कारागिराचा शागीर्द व्हा. रँक शेडच्या बाहेर ठेवा.

चौथा चाबूक दफेदाराने बोटांतून सरकवला, टोकापासून वीतभर अलीकडे थांबला, परत सरकवला. "चलेगा," म्हणाला. मी बाहेर येऊन तो एकदा वाजवला. रस्त्यावरची दोन कुत्री पळाली.

आता नव्या जागी आलो आहे. इथे घोडे नाहीत. वर्कशॉपमध्ये एक वेल्डर आहे, त्याला विचारलंय. दोनदा हसला आहे. तिसऱ्यांदा विचारणार आहे.