घरचाच जोड नको



गेल्या आठवड्यात जिंतूरकडच्या एका आखाड्यावर हरभरा बघायला गेलो होतो. घाटेअळीचे बोलणे संपले, तशी मालकाने आपली कारवान कुत्र्यांची जोडी दाखवली. लांब पाय, निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट. दोघे एकाच वेतातले.

"साहेब, यांचाच जोड लावतो. जात शुद्ध राहील."

"दादा, ही चूक मी करून बसलोय," मी म्हणालो.

जातिवंत कुत्र्यांचा नाद मला कॉलेजपासूनचा. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जानवळ गाव कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. कारवानचे केस आखूड, पश्मीच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब. शेजारच्या कर्नाटकात कारवानलाच मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने मुधोळचे तिकीटही काढले. जानवळहून मी भावंडांची एक जोडी आणली आणि पुढे त्यांचाच जोड लावला. पिल्ले सहा झाली. दोन आठवडाभरात गेली, एकाचा खालचा जबडा आखूड निघाला, बाकीची थोडे पळाली की धापा टाकत. आमच्या सौ. म्हणाल्या, "गावोगाव वळू बदला म्हणून सांगता, आणि घरी काय केलंत?" मला उत्तर सुचले नाही.

कारण साधे आहे. आईबापांत लपून असलेले दोष जवळच्या नात्यात एकत्र येतात आणि पिल्लांत उघडे पडतात. जात तीच ठेवावी, पण नर दुसऱ्या घराण्यातला आणावा. तो किती पळतो, त्याची आधीची पिल्ले कशी आहेत, हे डोळ्यांनी पाहावे.

कुत्रीचा पहिला माज सोडून द्यावा. ती दीड-दोन वर्षांची झाल्यावरच जोड लावावा. साधारण ६३ दिवसांनी ती विते. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जंतांचे औषध, सहा ते आठ आठवड्यांत डिस्टेंपर व पार्व्होची पहिली लस आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे द्यावेत. पिसाळण्याच्या रोगाची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षानंतर पुन्हा. पुढे दरवर्षी चुकवू नये. घरात लेकरेबाळे असतात.

हे धावणारे जनावर आहे. दिवसभर साखळीला बांधले तर चिडके होते. सकाळ-संध्याकाळ आपल्या देखत मोकळे पळू द्यावे. मात्र सशा-हरणांवर सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे.

निघताना त्या मालकाने विचारले, "मग ह्या कुत्रीला नर कुठला बघू?" परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी तिची तपासणी करून घ्या, असे त्यांना सांगितले. नर शोधायला मीही बरोबर जाणार आहे.