मदतफेरी आणि भाडेपत्रक

विंगेतून : विंगकर

नाटकवाल्यांना एकमेकांसाठी धावून जायची खोड आहे. 2020 च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली आणि 'नाईट'वर पोट असलेल्या रंगमंच कामगारांची चूल लगेच गार पडू लागली. पडदा ओढणारा, सेट लावणारा, कपड्यांना इस्त्री करणारा, यांना महिन्याचा पगार नसतो. प्रयोग झाला तरच पैसे. तेव्हा नटांनी, निर्मात्यांनी, नाट्य परिषदेने जमेल तसे पैसे आणि शिधा पोचवला. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांची परवानगी आली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप लागलं, ते निघालं 22 ऑक्टोबर 2021 ला. मधल्या काळात हा व्यवसाय आपसातल्या मदतीवर तगला, याबद्दल दुमत नाही.

माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या कौतुकाबद्दल. 'आम्ही नाटकवाले म्हणजे एक कुटुंब' असं माईकवरून म्हटलं की समोर बसलेल्या मंत्र्यांना आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांना हायसं वाटतं. कुटुंब आहे ना, मग बघून घेईल आपलं!

पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास ही तिन्ही नाट्यगृहं महापालिकेची. अंधेरी-घाटकोपरचा मराठी प्रेक्षकसुद्धा नाटकासाठी बहुतेकदा यांच्यापैकीच एखाद्याच्या दारात उभा राहतो. या तीन इमारतींचं भाडं किती, शनिवार-रविवारच्या तारखा कुणाला, एसी चालतो की नाही आणि मेकअप रूमच्या संडासाला पाणी येतं की नाही, हाच उपनगरातल्या नाटकाचा खरा अर्थसंकल्प. मराठी नाटकाला मिळणारी भाड्यातली सवलत हे अनुदानच आहे. मात्र सवलतीला हार घालता येत नाही, त्यामुळे तिचा फोटो निघत नाही, आणि ती कमी झाली तर बातमीही होणार नाही.

जीएसटीचंही तेच. 2017 साली कर लागू झाला तेव्हा अडीचशे रुपयांपर्यंतचं नाटकाचं तिकीट करमुक्त होतं. जानेवारी 2018 मध्ये ही मर्यादा पाचशेवर गेली. पुढच्या रांगांचं तिकीट बरोब्बर पाचशेवर येऊन का थांबतं, याचं एक कारण या आकड्यात आहे. ही सवलत कुणाच्या ओळखीवर मिळत नाही. नव्या मुलाने लिहिलेल्या पहिल्या नाटकाला आणि हाऊसफुल्लचा बोर्ड लागलेल्या नाटकाला ती सारखीच लागू होते. सार्वजनिक पैसा असा, नियमातून यावा. संमेलनाच्या मांडवात घोषणा होते ती टाळ्या संपल्या की कुठल्या टेबलावर जाते, हे मांडवात बसलेल्यांना चांगलं ठाऊक आहे. उपनगरात प्रेक्षक आहे का, असं कुणी विचारलं तर सांगा: मुलुंडमध्ये जून 2018 ला 98 वं नाट्य संमेलन सलग 60 तास चाललं. उपनगरातली माणसं नाटकासाठी रात्री जागतात, एवढा पुरावा पुरे.

नाटकाला सरकारी पैसा कशाला, ते आपल्या पायावर उभं राहू दे, असंही ऐकू येतं. मग पार्ल्याचंच उदाहरण घ्या. अभिरूप खटल्याचा प्रयोग करायला पार्ल्याला निघालेली एक हौशी मंडळी विजय तेंडुलकरांना भेटली आणि त्यांच्या गप्पा ऐकता ऐकता 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा सांगाडा उभा राहिला. 'रंगायन' या संस्थेने ते 1967 च्या डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेत केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडेंचं, नायिका बेणारेबाई झाल्या सुलभा देशपांडे. कल्पना हौशी नटांनी नकळत पुरवली, संस्था मित्रांनी चालवली, आणि रंगमंच दिला तो राज्य सरकारने 1954 पासून चालवलेल्या स्पर्धेने. यातलं एक काढून घेतलं असतं तर बेणारेबाईंचा खटला उभा राहिला असता का, मला शंका आहे. अमेरिकेत मंदीच्या काळात बेकार नाटकवाल्यांसाठी 1935 साली फेडरल थिएटर प्रोजेक्ट सुरू झालं, आणि 1939 मध्ये तिथल्या काँग्रेसने पैसे थांबवून ते बंद पाडलं. ती मंडळीही एकमेकांना धरूनच होती.

शेजारची गुजराती रंगभूमी सरकारकडे फारसं बघत नाही. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये तिचे कितीतरी प्रयोग मंडळं आणि समाजसंस्था अख्खे विकत घेतात. हिशेबाला ही पद्धत उत्तम. पण प्रयोग विकत घेणाऱ्या मंडळाला सहकुटुंब हसता येईल असंच नाटक हवं असतं, आणि लेखकाच्या पहिल्या खर्ड्यावर ती मागणी बसलेली असते. मराठी लेखकाने हा मार्ग धरावा असं सांगणाऱ्याने 'सखाराम बाइंडर' कुठल्या मंडळाने घेतलं असतं, तेही सांगावं.

आता थोडं घरातलं. व्यावसायिक नव्या नाटकांना राज्याचं अनुदान आहे. समिती नाटक बघते, दर्जा ठरवते. अनुदान रखडलं की निर्माते एका सुरात बोलतात आणि बोलायलाच हवं. परळचं 1922 पासूनचं दामोदर नाट्यगृह पाडायचं ठरलं तेव्हाही कलावंत एकत्र उभे राहिले. पण प्रायोगिक संस्थेला तालमीची जागा मिळत नाही, तेव्हा हा सूर कुठे असतो? 1974 पासून 'आविष्कार' या प्रायोगिक संस्थेने दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल चालवला, स्वतःपुरता न ठेवता इतर संस्थांनाही दिला, आणि त्यातून एक चळवळ झाली. आज प्रायोगिक नाटक करणारी पोरं वर्सोव्याच्या आराम नगरात तासावर भाडं भरून तालमी करतात.

नाटककारांनी एकमेकांचं लेखन ऐकण्याची सोयही परक्या खिशावर राहिली आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमीची नाटककारांसाठीची योजना 1985 ते 1994 चालली ती फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर. प्रेमानंद गज्वींच्या बोधी नाट्य परिषदेने कार्यशाळा घेतल्या, पण एका माणसाच्या चिकाटीवर किती काळ भार टाकायचा?

फेब्रुवारीत महापालिकेचा अर्थसंकल्प येतो. त्याआधी नाट्य परिषद, निर्माता संघ, रंगमंच कामगार आणि प्रायोगिकवाले यांनी मिळून एकच कागद घेऊन जावं. मराठी नाटकाच्या भाड्याची सवलत ठरावीक वर्षांसाठी लेखी बांधून द्या. बोरिवलीच्या नाट्यगृहातल्या छोट्या थिएटरमध्ये आठवड्यातली एक संध्याकाळ नव्या संहितेसाठी राखून ठेवा, नाममात्र भाड्याने, आणि पाळी लावा चिठ्ठ्या टाकून. महापालिकेच्या शाळांचे हॉल शाळा सुटल्यावर तालमींना द्या. आणि खर्च फार होतो असं कुणी म्हणालंच, तर वर्षभराच्या शाली, श्रीफळं आणि पुष्पगुच्छांची बिलं मागवून घ्या.