अर्पणपत्रिकेनंतरची अमेरिका

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. त्या मुक्तीचे राजकीय नेतृत्व रिपब्लिकन पक्षाकडे होते. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये म्हणून १८५४ मध्ये तो स्थापन झाला आणि सहाच वर्षांत लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. दक्षिणेतले गुलाममालक प्रामुख्याने डेमोक्रॅट. आज कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाठीशी आहेत आणि दक्षिण रिपब्लिकनांचा बालेकिल्ला झाली आहे.

यंदाचा अंक अमेरिकी राजकारणाला वाहिलेला आहे. पुराणमतवादी, उदारमतवादी हे शिक्के पक्षांना जन्मतःच लागलेले असतात असे आपण धरून चालतो, म्हणून ही उलथापालथ आधी सांगितली पाहिजे.

१८७७ मध्ये अध्यक्षपदाचा वाद मिटवताना रिपब्लिकनांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे लष्करी संरक्षण काढून घेतले. पुढे साक्षरता चाचण्या, मतदान-कर आणि जमावाची दहशत यांनी त्यांचा मताधिकार गिळला. १९३० च्या दशकात रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’मुळे कामगार आणि उत्तरेतले कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले. त्याच पक्षात दक्षिणेतले वर्णभेदी सेनेटरही होते.

ही मोट १९६४ मध्ये सुटली. वर्णभेदाला मनाई करणारा नागरी हक्कांचा कायदा सेनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. विरोधकांत २१ डेमोक्रॅट होते, ६ रिपब्लिकन. त्या सहांतले बॅरी गोल्डवॉटर त्याच वर्षी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. खासगी व्यवसायाने कोणाला गिऱ्हाईक मानावे हे केंद्र सरकारने ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे. सत्तेविषयीचा हा संशय प्रामाणिक आहे आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत तो मुरलेला आहे. पण त्या वेळच्या अलाबामात त्याचा अर्थ इतकाच होता, की हॉटेलच्या दारातून हाकललेल्या माणसाला दाद मागायला जागाच उरणार नाही. तत्त्व उच्चारणाऱ्याने त्याची किंमत कोण मोजतो हे पाहिले नाही, तर त्याची शुद्धता काय कामाची? गोल्डवॉटर सपाटून हरले. जिंकलेल्या सहा राज्यांपैकी एक त्यांचे स्वतःचे ॲरिझोना, बाकीची पाच मिसिसिपी-अलाबामाच्या पट्ट्यातली. पुढे रिपब्लिकन अध्यक्ष झालेल्या निक्सन आणि रेगन यांनी दक्षिणेचा तो कौल नेमका ओळखला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेचे हे दुसरे अंगही पाहिले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठी त्यांना तोच मार्ग विचारात घ्यायचा होता.

न्यू जर्सी, शिकागो, कॅलिफोर्नियात आज आपली माणसे मतदार आहेत आणि एकाच घरात दोन पक्षांची मते निघतात. वाचकहो, हे लेख त्यांच्यासोबत वाचा, भांडा, आणि न पटलेले आम्हाला जरूर लिहा.